व्हॉल्व्ह तापेपर्यंतची वीस मिनिटं

२ फेब्रुवारी, सोमवार

आज आत्याबाईंना काढलं, काकांना बसवलं. बाबांचं नेहमीचं — "नीट दाबलास ना गं? नऊ पाय असतात. एकही वाकता कामा नये." चार वर्षं ऐकतेय. नऊचे अजून दहा झालेले नाहीत!

वही नवी आहे म्हणून एकदाच लिहून टाकते. आत्याबाई, काका, जावईबापू ही माणसं नव्हेत. बाबांच्या प्रीअ‍ॅम्प्लिफायरमध्ये बसतात ते व्हॉल्व्ह. अंगठ्याएवढ्या काचेच्या नळ्या, पेटल्या की आत नारिंगी टिंब दिसतं. सीडी प्लेअरमधून निघालेलं गाणं या पेटीतून जातं, मग मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरला, मग स्पीकरला. पेटीत दोन व्हॉल्व्ह, एक डावा, एक उजवा. जोड बदलला की म्हणे आवाजाचा पोत बदलतो. बाबांनी रेडिओ-दुरुस्तीचं दुकान बंद केलं तेव्हा सगळं विकून टाकलं, पण व्हॉल्व्हचा आख्खा खण घरी आला. नावं मी ठेवली. आत्याबाई टोचतात. काका जड. जावईबापू उगाच गोड.

रोज साडेसहाला हा सोहळा. मी कामावरून येते, चपला काढते न काढते तोच — "आलीस? चल, आज कोणता?" बाबांचा हात थरथरतो, म्हणून झाकण काढून बदलायचे मी. मग बटण लावायचं आणि वीस मिनिटं बसायचं, व्हॉल्व्ह तापेपर्यंत. वाजवायचं नाही, उठायचं नाही. तोवर बाबा विचारणार — कामावर काय झालं, कोण काय म्हणालं, जेवलीस का. मग एकच सीडी, त्यातला एकच तुकडा — एक बाई गाते, मागे पियानो. चार मिनिटं. मग "काय वाटलं?" ते मी सांगायचं आणि शेऱ्यांच्या वेगळ्या वहीत लिहायचंही मीच.

दुकान होतं तेव्हा व्हॉल्व्हची पेटी उघडी असली की मला न् दादाला दारातच थांबवायचे. आत तीनशे व्होल्ट असतात, बटण बंद केलं तरी मागे उरतात. त्यांच्या हाताखालचा ढापण्या एकदा भिंतीवर जाऊन आपटला होता. चष्मा एकीकडे, तो दुसरीकडे. आता मात्र मी रोज आत हात घालते तरी बाबांना काही वाटत नाही. वय वाढलं तशी माझी किंमत उतरली असावी.

आजचा शेरा — काका. जड, पण बरं.

४ फेब्रुवारी

मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. वाटलं, चरा पडलेलं एखादं भिंग माझ्या शिक्क्यानं बाहेर गेलं की काय. चष्म्याची भिंगं तपासतेय अकरा वर्षं, एकदाही शिक्का चुकला नाही, तरी आधी तेच मनात येतं.

तसं काही नव्हतं. नवा कारखाना काढतायत, इथून सहा तासांवर. तिथला तपासणी विभाग मी उभा करायचा. हाताखाली सातजणी. राहायला दोन खोल्या. "वर मी तुमच्याशिवाय दुसरं नावच घेतलं नाही," म्हणाल्या. होकार की नकार ते २७ तारखेपर्यंत लेखी.

जागेवर येऊन बसले. भिंग दिव्यासमोर धरलं आणि नुसतीच बघत राहिले. आनंदानं हात थंड पडतात हे मला माहीत नव्हतं! शेजारची म्हणाली, "काय गं, एवढं काय आहे त्यात?" काही नव्हतं. स्वच्छ होतं. शिक्का मारला.

बाबा दुरुस्त झालेल्या प्रत्येक रेडिओला दोऱ्यानं चिठ्ठी बांधायचे. "तपासला. ठीक आहे. न्यायला हरकत नाही." खाली तारीख. शाळेतून आले की त्या चिठ्ठ्या मी लिहून द्यायचे, एका बैठकीत पन्नास-पन्नास. आणि यंत्राच्या आत मात्र ते स्वतः लिहायचे, पत्र्यावर, पेन्सिलीनं — काय काम केलं, कधी केलं. पुढच्या माणसाला कळायला हवं म्हणायचे. तपासणं आमच्या रक्तातच आहे.

घरी आले. "आलीस? चल, आज कोणता?" त्यांच्या शर्टाचं वरचं बटण दिवसभर उघडंच होतं. सकाळी घाईत लावायचं राहिलं माझ्याकडून, आणि त्यांना लावता येत नाही. मी बटण लावलं. बदलीचं काही बोलले नाही.

शेरा — जावईबापू. बंद वाटतात.

५ फेब्रुवारी

पत्र हातात मिळालं. व्हॉल्व्हच्या खणात तळाशी ठेवलंय, रिकाम्या डब्यांखाली. तिथे आता माझ्याशिवाय कोणाचा हात जात नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

दादाचा फोन. रविवारी दहा ते दहा-दहा, त्यावर मिनिट नाही. बाल्कनीत उभी राहून हळू आवाजात त्याला सांगितलं. म्हणाला, "छानच गं! पण बाबांचं काय?" म्हटलं, तेच तर तुला विचारतेय. "आमच्याकडे तुला माहीतच आहे, जागा केवढीशी. मुलांच्या परीक्षा. तुझ्या वहिनीची शिफ्ट..." माहीतच आहे! मला सगळ्यांचं सगळं माहीतच असतं. "तू आहेस म्हणून तर आम्ही निर्धास्त असतो." आणि शेवटी, "तुला योग्य वाटेल ते कर." म्हणजे ठरवायचं मी, पण त्यांना हवं तेच!

आत आले तर बाबा खुर्चीत सरळ बसलेले. "काय म्हणतो?" म्हटलं, मजेत आहे. "आणि तू?" म्हटलं, मीही.

संध्याकाळी आत्याबाई. भिंतीपलीकडून गातायत.

१० फेब्रुवारी

खणात मागे निळ्या डबीत एक जोड सापडला. डबीवर बाबांच्या जुन्या सुबक अक्षरात — कमी ताकदीचा, आवाज निम्मा होईल. बसवला. निम्मा कसला, होता तेवढाच! आवाजाचं बटण जिथे होतं तिथेच. मी विचारलं तर डोळे न उघडता म्हणाले, "आपली पेटी समजूतदार आहे. सांभाळून घेते."

पेटी समजूतदार, मी समजूतदार. या घरात सगळ्या सांभाळून घेणाऱ्याच भरल्यात.

शेरा काय द्यावा कळेना. "कोंडल्यासारखं" लिहिलं. बाबा म्हणाले, "परवाही असंच काहीतरी लिहिलंस." म्हटलं, परवाही तेच वाटलं. बाबा चष्मा पुसत बसले. रुमाल हातात फडफडत होता.

११ फेब्रुवारी

आज गंमतच झाली. गंमत कसली, रामायण! व्हॉल्व्ह बदलले, पेटी चालू केली आणि डोकं दुसरीकडे असल्यामुळे लगेच सीडीचं बटण दाबलं. गाणं सुरू! पेटी थंडगार असताना! बाई अर्धी ओळ गायलीसुद्धा. बाबा खुर्चीतून असे उठले की गेल्या दोन वर्षांत मी त्यांना तसं उठलेलं पाहिलं नाही. "बंद कर! बंद कर आधी!" मी घाबरून बंद केलं.

म्हटलं, "पण वाजत होतं की. मग वीस मिनिटं कशाला?"

"कालचा ताप राहिलेला असतो आत," म्हणाले. "तेवढ्यावर वाजतं. पण नळी जाते."

मग बसलो वीस मिनिटं. मला इतका राग आला होता की घड्याळाकडेच बघत बसले. एका दिवसाची वीस, वर्षाचे एकशेवीस तास. चार वर्षांत मी वीस दिवस आणि वीस रात्री या खुर्चीत एका पेटीच्या तापण्याची वाट बघण्यात घालवल्या. खरंच गुणाकार केला, मागच्या पानावर आहे.

१२ फेब्रुवारी

काका. कोंडलेले. मॅडमनी जिन्यात विचारलं, "ठरतंय ना?" म्हटलं, हो हो.

१३ फेब्रुवारी

माझ्या खोलीच्या दाराला आतून कडी नाही. चार वर्षांपूर्वी अकरा ऑक्टोबरला मी लग्न तिथेच टाकून एक बॅग घेऊन या घरी परत आले. त्या महिन्याबद्दल तेव्हाही लिहिलं नव्हतं, आताही लिहिणार नाही. त्याच आठवड्यात बाबांनी कडी काढली. "सैल झालीय. दुरुस्त करून लावतो." का काढली ते त्यांनाही माहीत आणि मलाही. मी हूं की चूं केलं नाही. तेव्हा मी कशावरच काही बोलत नव्हते.

पण आता? जन्मभर दुरुस्त्या केलेल्या माणसाला एक कडी लावायला चार वर्षं लागावीत? आज त्या वीस मिनिटांत विचारलंच.

"बाबा, कडीचं काय झालं?"

"हो हो. लावायचीय."

"कधी?"

"तू म्हणशील तेव्हा."

"मग मी आत्ता म्हणतेय की!"

माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले, मी भिंग बघते तसं. मग म्हणाले, "तापला बघ. लाव सीडी."

शेरा — दार बंद.

१६ फेब्रुवारी

जावईबापू. कोंडलेले. आज एवढंच.

१८ फेब्रुवारी

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी चक्क यादी केली. गेले तर — सकाळचं बटण कोण लावणार. कपात चहा अर्धाच ओतायचा हे कोण लक्षात ठेवणार. गोळ्या तीन, त्यातली एक उपाशीपोटी. नखं. दाढी. दाढीचं आठवल्यावर यादी फाडून टाकली. ब्लेड मी त्यांच्या गळ्यावरून फिरवते तेव्हा ते मान वर करून डोळे मिटून इतके निवांत बसतात! असा निवांतपणा मी दुसऱ्या कोणाच्या हाती सोपवू शकत नाही.

पण मला जायचंय. इथे लिहायला काय हरकत आहे? मला जायचंय. मला सातजणींना भिंग तिरकं धरायला शिकवायचंय. ज्या दोन खोल्यांना मी आतून कडी लावू शकेन त्या मला हव्यात. मला संध्याकाळी साडेसहाला रस्त्यावरून उगाच फिरायचंय, कुणी "आज कोणता?" विचारल्याशिवाय. एक्केचाळीस वर्षांची बाई आणि हौस काय, तर संध्याकाळी फिरायची!

आणि हे सगळं त्यांच्यामुळे अडलंय असं मनात येतं, मग लाज वाटते, मग लाजेचाही राग येतो. राग निघतो कुठे, तर व्हॉल्व्हवर. आज काका इतक्या जोरात दाबले की एक पाय वाकलाच. मग चिमट्यानं सरळ करत बसले. बाबा नुसते बघत होते. एरवी पायासाठी जीव टाकणारा माणूस, पण म्हणाले, "असू दे गं. हाताला लागलं नाही ना?"

२१ फेब्रुवारी, शनिवार

अर्धा दिवस होता. दोनला घरी आले तर बाबा जमिनीवर! पेटी चटईवर उलटी. तळाचा पत्रा, जो मी आजवर कधी उघडलेला पाहिला नाही, तो अर्धवट लावलेला. बाजूला स्क्रू-ड्रायव्हर, पेन्सिल, चष्मा. अंगठा कापलेला, रक्त शर्टाच्या बाहीला. लाकडी कडेवर हा एवढा ओरखडा. एक स्क्रू कपाटाखाली गेलेला, तो ते आडवं पडून शोधत होते.

मी काय काय बोलले! "तुम्हाला कोणी सांगितलं होतं? हात आपल्या ताब्यात नाहीत आणि चालले पेटी उघडायला! पडला असतात तर? चार तास तुम्हाला एकटं ठेवायची सोय नाही. मी काय कुठे जाऊच नये?"

"जावं की," म्हणाले. जमिनीवरूनच.

मला तो टोमणा वाटला. मी आत जाऊन पट्टी आणली, अंगठ्याला गुंडाळली. त्यांचा हात माझ्या हातात पाखरासारखा फडफडत होता. किती वेळ लागला असेल त्यांना तेवढे स्क्रू काढायला! सकाळपासूनच बसले असणार. कशासाठी पण?

स्क्रू सापडला. लावून दिला.

२२ फेब्रुवारी, रविवार

पेटी घुमायला लागलीय. लावली की नुसतं घूंऽऽ. कालचे पराक्रम! वर व्हॉल्व्हचा खणही विस्कटलेला, डब्या उलटसुलट. पत्र तळाशीच आहे, नशीब.

बाबा म्हणाले, "ढापण्याकडे ने. त्याला म्हणावं तळ उघड. आणि टाकून येऊ नको, समोर थांब." मग कागदाची एक पुडी दिली, दोऱ्यानं बांधलेली — गाठ कशीबशी मारलेली. "ही पण दे. त्याला लागेल." हातात जड लागली. स्क्रू असतील.

ढापण्याला फोन केला. आता तो पन्नाशीचा आहे, स्वतःचं दुकान आहे, तरी स्वतःच म्हणाला, "ढापण्या बोलतोय, ताई." बाहेरगावी आहे, शुक्रवारी दुपारी दुकान उघडेल. शुक्रवारी म्हणजे २७ला. म्हणजे त्या दिवशी अर्धी रजा, आणि नकाराचं पत्रही त्याच दिवशी. छान! दोन्ही ओझी एकाच फेरीत.

साडेसहाला सवयीनं दोघं पेटीसमोर बसलो. लावायची तर नव्हती. वीस मिनिटं बसलो, मग एकमेकांकडे बघून उठलो.

२३ फेब्रुवारी

वाजवायला काही नाही म्हणून शेऱ्यांची वही चाळली. पहिल्यापासून. बाबांचा चष्मा त्यातच खूण म्हणून ठेवलेला, म्हणजे दुपारी वाचत बसतात वाटतं.

पहिलं पान, २० ऑक्टोबर — फरक नाही. २१ — फरक नाही. २२ — माहीत नाही. असं महिनाभर. माझंच अक्षर, पण ओळखू येत नाही, मुंगी चालल्यासारखं. २ डिसेंबर — जरा बरं. जानेवारीत — उजवीकडे बाईचा श्वास ऐकू येतो. मार्चमध्ये — "फार टोचतं. याला आत्याबाई म्हणावं." त्याखाली बाबांनी दोनदा रेघ मारलीय. का, कोण जाणे. एवढा काही मोठा विनोद नव्हता तो.

पुढे माझं अक्षर मोठं होत जातं, शेरे लांब. कुठे उबदार, कुठे पाणीदार, एके ठिकाणी तर "खिडकी उघडल्यासारखं" आणि पुढे उद्गारचिन्हं तीन! कान चांगलेच तयार झालेत माझे, हे मान्य करायला हवं. पण बाबांचं मत एकाही पानावर नाही. चार वर्षांत एकदाही नाही! ऐकायची हौस त्यांची आणि बोलायचं मी?

आणि ह्या महिन्यात काय — ४ तारखेपासून प्रत्येक दिवशी बंद, कोंडलेलं, भिंतीपलीकडे, दार बंद. आत्याबाई असोत की काका. एवढे तयार कान एकाएकी बिघडले की काय?

२६ फेब्रुवारी

मॅडमना सांगितलं. जमणार नाही. घरी वडील आहेत.

त्या म्हणाल्या, "उद्या पाचपर्यंत लेखी द्या. त्याआधी मन बदललं तर फोन करा." म्हटलं, बदलणार नाही. स्वच्छतागृहात जाऊन तोंड धुतलं आणि जागेवर येऊन एकशे बारा भिंगं तपासली. त्यातल्या नऊंना चरे होते.

नकार लिहून झालाय. तीन ओळी. पर्समध्ये आहे.

बाबा आज दोनदा म्हणाले, "उद्या थांबशील ना तिथे?" हो, थांबेन! दुसरं काय करते मी!

२७ फेब्रुवारी, शुक्रवार. ढापण्याच्या दुकानात, तीन वाजता

काउंटरवरच वही ठेवून लिहितेय.

ढापण्यानं तळ उघडला, वाकून पाहिलं, चष्मा कपाळावर सरकवून परत पाहिलं. "ताई, घुमणं किरकोळ आहे, एक स्क्रू सैल आहे. पण हे व्हॉल्व्ह जोडलेलेच नाहीत."

म्हटलं, रोज पेटतात की!

"नुसते पेटतात. दिव्यासारखे. गाणं बाहेरच्या वायरनं सरळ पुढे जातं, यांच्यातून जातच नाही. कोणताही लावा, काही फरक पडणार नाही. आणि तीनशे व्होल्ट काढून टाकलेत. ओला हात घातला असतात तरी काही झालं नसतं. काम बघा काय सुंदर केलंय मास्तरांनी — सोल्डरचा एक जोड हललेला नाही."

पत्र्यावर आतून पेन्सिलीनं, त्यांच्या सुबक अक्षरात — १९ ऑक्टोबर. तीनशे व्होल्ट काढले. व्हॉल्व्ह फक्त पेटतील.

मी आल्यानंतरचा आठवा दिवस. कडी काढली तोच आठवडा. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खोलीबाहेर बोलावलं होतं — "माझा हात थरथरतो गं, एवढा व्हॉल्व्ह बदलून दे." तेव्हा हात थरथरत नव्हता! हे असं काम थरथरणाऱ्या हातानं होत नाही. खरं थरथरणं दोन वर्षांनी आलं.

म्हणजे चार वर्षं मी काय ऐकलं? उबदार, पाणीदार, खिडकी उघडल्यासारखं — पेटीत तर काहीच बदलत नव्हतं. ते शेरे माझेच होते. बाबा त्या वीस मिनिटांत मलाच बोलतं करत होते आणि दुपारी वहीत मला वाचत होते.

ढापण्यानं मध्येच पुडी सोडली. "आणि ही कडी कशाची, ताई? ही तर दाराची आहे." चार स्क्रू, तेल लावलेले.

"आणि मास्तर एक तारखेपासून आमच्या वरच्या खोलीत येतायत ना राहायला? घरच्यांनी गादी टाकून ठेवलीय. म्हणाले, ताईला मीच सांगतो." म्हणजे त्या शनिवारी खण विस्कटला तो माझं पत्र वाचताना!

त्याच दिवशी, सव्वातीन

सवयीनं पत्रा दिव्याखाली तिरका धरला, भिंग धरते तसा. त्या ओळीखाली आणखी एक ओळ आहे. फिकट, वाकडीतिकडी, एकेक अक्षर वेगळ्या दिशेला. तारीख गेल्या शनिवारची.

"तपासली. ठीक आहे. जायला हरकत नाही."

ढापण्या विचारतोय, "ताई, तीनशे व्होल्ट परत जोडू का?" जोडा म्हटलं. नकार फाडला. मॅडमना फोन लावतेय.